मला मामी म्हणणारी मुलगी

नणंदेचा फोन आला तेव्हा शाळेत मुलं जेवायला बसली होती. ती सौंसरला राहते, मी पांढुर्ण्याला, दोन्ही मध्य प्रदेशात, आणि शाळेच्या वेळात ती कधीच फोन करत नाही. म्हणून मी ओसरीवरून उतरून हातपंपाजवळ गेले आणि उचलला.

"वहिनी, बोलता येते का तुले?"

"बोला ना ताई."

"पोरीचं सिकल निघालं."

पोरगी म्हणजे तिची मुलगी. तेवीस वर्षांची, चौथा महिना लागलेली. आमच्या भागात गरोदर बाईची सिकलसेलची तपासणी करतातच, कारण रक्ताचा हा आजार इथे बऱ्याच घरांत आहे. काहींना तो पूर्ण असतो. काही नुसते वाहक असतात, म्हणजे त्यांना स्वतःला त्रास नसतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकराला पूर्ण आजार होऊ शकतो. पोरगी वाहक निघाली होती. तशी ती स्वतःच सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, कंत्राटावर. दुसऱ्यांच्या बोटाला सुई टोचून तिने हे कागद किती वेळा भरले असतील. स्वतःचं पाहायचं राहून गेलं होतं.

"जावयाचं?" मी विचारलं.

"त्याचं काही नाही निघालं. लेकराले धोका नाही म्हणते."

"मग बरं झालं."

"काय बरं झालं वहिनी? आता ती माह्या अन् ह्यांच्या मागं लागली. म्हणते, माझ्यात आलं म्हणजे तुमच्या दोघांपैकी एकात असलंच पाहिजे. रविवारी घरीच येते, दोघांचं टोचून टाकते. मी म्हटलं, मले सुईचं भेव वाटते. तं हासली."

ती पुढे म्हणाली, "आमचं दोघांचं तं शिबिरात झालेलं आहे मागंच. दोघांचंही साफ आहे. कार्डं मी तांदळाच्या डब्यात टाकून ठेवली. अन् तुह्यं?"

"माझं निघालं होतं. शाळेत शिबिर झालं तेव्हा. वाहक."

मग ती म्हणाली, "तं मग ये तू. मले एकटीले नाही जमत."

ज्या मुलीबद्दल आम्ही बोलत होतो ती मी जन्माला घातलेली आहे. माझी तिसरी. ती मला मामी म्हणते.

हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. लिहून झाल्यावर काहीतरी होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही. पुढे लिहिते.

माझी आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. मी बारावी झाले, शिक्षाकर्मीची, म्हणजे मानधनावरच्या शिक्षिकेची, जागा निघाली, मी लागले. आमच्या दोन्हीकडच्या घरांत सरकारी कागदावर नाव आलेली मी पहिली. शाळा सावरगावच्या पलीकडे, दोन खोल्यांची, शिकवायचं हिंदीतून. आम्ही घरी मराठी बोलणारी माणसं, त्यामुळे सुरुवातीला मुलंच माझं हिंदी दुरुस्त करायची. पण शाळेची किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी जाऊन कुलूप काढायचं, हजेरीचं रजिस्टर उघडायचं. ज्या वावरात आईने कापूस वेचला त्या घरची सून एकदा नातवाचं नाव टाकायला आली आणि मला 'मॅडमजी' म्हणाली. मी तिला बसा म्हटलं. हे सगळं मला फार आवडायचं. किती आवडायचं ते मी कोणाला सांगितलं नाही, कारण बाई नोकरी करते ती घरासाठी करते असंच म्हणायची रीत आहे, आणि मीही तसंच म्हणत आले.

दोन मुली झाल्या. त्यानंतर तो नियम आला. मध्य प्रदेशात सरकारी नोकराला दोन हजार एकच्या सव्वीस जानेवारीनंतर तिसरं मूल झालं तर त्याची नोकरी जाते. आम्हा शिक्षाकर्मींना तो लागतो की नाही यावर आसपासच्या शाळांच्या संकुलाच्या बैठकीत वाद व्हायचे. एक जण म्हणायचा लागत नाही, दुसरा म्हणायचा अमक्या ब्लॉकमध्ये एकाला नोटीस आली. खरं कोणालाच माहीत नसायचं, पण सगळ्यांनी भिऊन घेतलं होतं.

तिसऱ्या वेळी मला कळलंच उशिरा. धाकटी अजून अंगावर पीत होती, पाळी येत नव्हती, त्यात काही वेगळं वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पाचवा सरत आला आहे, आता काही करता येत नाही. मी बाकावर बसले आणि महिने मोजले. बाळाचे नाही, शाळेचे. दिवाळीची सुटी कधी, त्यानंतर किती दिवस रजा काढता येईल, थंडीत शालीखाली कुठपर्यंत झाकलं जाईल. हे मला तेव्हाच, तिथेच बसून सुचलं. म्हणजे ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

नवऱ्याला सांगितलं. तो तेव्हा हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, आणि अडीच एकराचा तुकडा होता, त्यात थोडी संत्र्याची झाडं. तो शांत माणूस आहे. जेवण झाल्यावर म्हणाला, "सोडून दे मग नोकरी. भागते आपलं. दोन पोरींत आणखी एक."

"भागत नाही," मी म्हणाले.

"भागते. माह्या मायनं पाच काढले."

"तुमच्या मायले नोकरी नव्हती."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा केली. मी थट्टा केली नव्हती.

नणंद नवऱ्याहून मोठी. तिच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यांच्या फायली करून करून ती थकली होती. तिच्या घरी जाऊन मीच बोलले. आधी नवऱ्याला नाही सांगितलं, सासूला नाही. म्हणाले, ताई, हे लेकरू तुमच्या नावानं होऊ द्या. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने माझे पाय धरले. माझ्याहून मोठ्या बाईने माझे पाय धरले, आणि मला बरं वाटलं. वाटलं, आता हे चांगलं काम झालं.

सासूला कळलं तेव्हा तिने एकच अट घातली. पोरगा झाला तर तो या घरातून जाणार नाही, मग तुही नोकरी गेली खड्ड्यात. मी हो म्हटलं.

थंडीत मी कावीळ झाली म्हणून अर्ज टाकला आणि सौंसरला नणंदेकडे जाऊन राहिले. शाळेतल्या सरांनी अर्ज घेताना माझ्या शालीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काविळीत तेलकट खाऊ नका मॅडम." त्यांना कळलं होतं. त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. एका खाजगी दवाखान्यात नणंदेच्या नावाने माझी नोंद झाली. तिथे तीन दिवस मला सगळे तिच्या नावाने हाक मारत होते आणि मी ओ देत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली.

सासू पांढुर्ण्याहून आली. मुलगी आहे कळल्यावर ती काही बोलणार नाही असं मला वाटलं होतं. तिने लेकराला मांडीवर घेतलं, टाळूवर तेल घातलं, पायाची बोटं एकेक ओढून पाहिली. बराच वेळ तिला घेऊन बसली. नणंद बाहेर डबा आणायला गेली होती. सासू म्हणाली, "राहू दे वं सूनबाई. असू दे तिसरी. नको देऊ."

मी म्हटलं, "आता नाव लिहून झालं."

"खोडता येते नाव."

"नाही येत."

"येत असंन," ती म्हणाली. "विचारून तं पाह्य."

मी विचारलं नाही. मी कूस बदलली. ती रडत होती हे मला ऐकू येत होतं. मुलगा हवा म्हणून जिने माझ्या दोन बाळंतपणांत तोंड वाकडं केलं ती बाई तिसऱ्या मुलीसाठी रडत होती, आणि मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावरचं हिंदी वाचत होते.

बारा दिवस पाजलं. तेराव्या दिवशी नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, वरच्या दुधाचा डबा आणला. नाव ठेवायचा कार्यक्रम विहारात झाला. वंदना झाली, मग बाळाच्या कानात नाव सांगायची वेळ आली. आमच्याकडे ते आत्या सांगते. खरी आत्या तर आई होऊन पुढे बसली होती, म्हणून भाऊजींच्या चुलत बहिणीला पुढे केलं. मी मामी म्हणून मागे, बायकांत. माझ्या पदराखाली घट्ट बांधलेलं फडकं होतं. शेजारची बाई म्हणाली, "तुमची कावीळ अजून उतरली नाही वाटते, डोळे ओढलेले दिसून राहिले." मी म्हटलं, हो.

त्यानंतर मी शाळेत गेले. जे लोक म्हणतात की आईला चैन पडत नाही, झोप लागत नाही, त्यांचं खरं असेल. मला झोप लागायची. तिसरीच्या वर्गाचे पाढे, परीक्षा, जनगणना, मतदारयादी, लसीचं सर्वेक्षण. दरवर्षी घरोघर जाऊन मी बायकांना विचारत असे, तुम्हाला मुलं किती, आणि लिहून घेत असे. अधूनमधून आमच्याही सहीचा कागद यायचा. 'मेरी जीवित संतानों की संख्या', आणि पुढे रिकामी जागा. मी दोन लिहायची.

काही वर्षांनी सासू वारली. मग घरातल्या कोणी काही न ठरवता एक गोष्ट तयार झाली की हे सगळं म्हातारीने केलं. तिला तिसरी मुलगी नको होती, लेकीची ओटी रिकामी होती, तिने दोन्ही भागवलं. आमच्या दोन मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांना मी सांगितलं, तेही असंच. "आजी कठोर होती," मोठी म्हणाली. मी म्हटलं, "जुना काळ होता." नणंदही तेच धरून होती. तिची तर अशी समजूत की आईने आपल्यासाठी सुनेशी भांडून तिला बोलायला पाठवलं आणि लेकरू मिळवून दिलं. दरवर्षी ती आईच्या फोटोला त्या तारखेला हार घालते. मी जवळ उभी असते. नवऱ्याला खरं माहीत आहे. त्याने एवढ्या वर्षांत एकदाही काढलं नाही, आणि त्याचाही मला राग येतो, पण तो राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मुलगी चांगली वाढली. माझ्या दोघींपेक्षा चांगली, असं मी म्हणेन. नणंद तिच्यामागे घास घेऊन फिरायची, तिच्या शाळेच्या दारात पावसात उभी राहायची. मला ते जमलं नसतं. मी माझ्या दोघींच्या शाळेच्या कार्यक्रमाला कधी गेले नाही, कारण त्या दिवशी माझ्याही शाळेत कार्यक्रम असायचा. ही तिसरी सुट्यांत पांढुर्ण्याला यायची आणि माझ्या पर्समधल्या खडूंनी अंगणभर लिहायची. म्हणायची, "मामी, मी तुझ्यासारखी नोकरी करीन." नणंद म्हणायची, "मामीसारखी हो माय, माह्यासारखी नको होऊ." आणि दोघी हसायच्या.

रविवारी मी बसने निघाले. नवरा म्हणाला, मी येऊ का. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "खरं सांगशील का?" मी म्हटलं, "बघते." तो दारात उभा राहिला. त्याच्याकडे पाहून मला वाटलं, हा तेवीस वर्षं हेच विचारायला थांबला होता.

जामसांवळीच्या हनुमानाच्या दर्शनाला जाणारी माणसं बसमध्ये भरली होती. नारळाच्या पिशव्या पायात येत होत्या. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्हीही दर्शनाला का. मी म्हटलं, नाही, सौंसरला, भाचीकडे. किती सहज आलं तोंडून.

नणंदेच्या घरी मुलगी आधीच आली होती. ती लोधीखेड्याला दिलेली आहे. तिथून नवऱ्याच्या गाडीवर आली होती आणि तो तिला सोडून मित्राकडे गेला होता. टेबलावर तिने वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर कापूस, स्पिरिटची बाटली, सुयांची पाकिटं. आणि बाजूला एक लिफाफा. भाऊजी खुर्चीवर बसून बोटं चोळत होते.

"मामी, बरं झालं तू आली," ती म्हणाली. "आईला पकडून ठेव. ही बघ कशी लपून राहिली किचनमध्ये."

"लपली नाही वं, चहा करून राहिली," आतून नणंद म्हणाली.

"तीन वेळा चहा झाला हिचा. अन् मामी, हे पाह्य." तिने लिफाफा माझ्या हातात दिला. पर्मनंट नोकरीचा आदेश होता. सिंगरौलीकडचा जिल्हा. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. "सासू म्हणते, पोट घेऊन एवढ्या लांब कुठं जातं, सोडून दे. हे म्हणतात तुला वाटेल तसं. आई म्हणते मामीला विचार. तर मी तुझ्यासाठीच थांबली. तू दोन पोरी सांभाळून केलीस नं. जॉइन करू का?"

लिफाफा माझ्या हातातच होता. नणंद चहा घेऊन आली आणि ट्रे ठेवताना माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली, मुलीच्या पायाशी, आणि म्हणाली, "आधी दुसरं बोलायचं आहे माय. ते सुया राहू दे."

"काय?"

"आमच्यात नाही निघणार ते. आमची दोघांची कार्डं आहेत. साफ आहेत."

मुलगी हातातलं पाकीट ठेवत म्हणाली, "असं कसं होईल? कोणत्या तरी एकात पाहिजेच."

"मामीत आहे," नणंद म्हणाली.

ती हुशार आहे. तिला समजायला आणखी वाक्य लागलं नाही. तिने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. भाऊजी उठून खिडकीशी गेले. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं रिपोर्ट वाचताना असतं तसं होतं.

नणंद घाईने बोलू लागली. "तुही आजी, माही माय, तिचा जीव होता माह्यावर. तिनं पाह्यलं का लेकीले काही नाही अन् सुनेले तिसरी—"

"नाही ताई," मी म्हणाले. "आईनं नाही."

"वहिनी, आता कशाले—"

"आई नको म्हणत होती. दवाखान्यात तिनं मला सांगितलं, नाव खोड, ठेवून घे. मी नाही ऐकलं. तुमच्याकडे आधी आले तेव्हाही घरात कोणाला विचारलं नव्हतं. मी ठरवलं. माझी नोकरी जात होती."

नणंदेचा हात मुलीच्या गुडघ्यावर होता. तो तिने काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. तिच्या आईबद्दलची ती एक गोष्ट मी काढून घेतली होती. ते मला तेव्हाच दिसलं, पण थांबता आलं नाही.

मुलगी म्हणाली, "नोकरी गेली असती तर घर चाललं नसतं का?"

"चाललं असतं. मामा म्हणत होते, सोड."

"मग काहून?"

"मला सोडायची नव्हती."

"बस एवढंच?"

"एवढंच."

बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, "अन् मी मुलगा असते तर?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं. बसमध्ये मी त्याचं उत्तर शोधत होते, आणि दोन-तीन चांगली उत्तरं सापडलीही होती. ती सोडून म्हणाले, "तरी दिलं असतं, असं मला वाटते. पण घरच्यांनी देऊ दिलं नसतं. मुलगी होती म्हणून मला करता आलं."

तिने मान हलवली. जणू मी तारीख सांगितली.

मग ती उठली आणि टेबलावरचं सामान गोळा करू लागली. न उघडलेली पाकिटं वेगळी, कापूस वेगळा. काम करता करता विचारलं, "दोन्ही ताईंचं केलं का?"

"मोठीचं साफ आहे. धाकटीत निघालं."

"धाकट्या ताईचं लग्न ठरायच्या आधी मुलाचं पाहून घ्या. विसरू नका."

"नाही विसरणार."

"अन् तुझं कार्ड? फोटो पाठव मला."

"पाठवते."

वर्तमानपत्राची घडी करून तिने कचऱ्यात टाकली. माझ्या हातातून लिफाफा घेतला. "मामी," ती म्हणाली, आणि नणंदेने मान वर केली, मीही. "मी तुला विचारलं होतं नं, जॉइन करू का. ते आता राहू दे. तू मला कर पण म्हणू नको अन् सोड पण म्हणू नको. याच्यात तू काहीच बोलू नको."

"बरं," मी म्हणाले.

ती आईजवळ खाली बसली. नणंद तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि ती आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, सावकाश, जसं ती सुई टोचल्यावर घाबरलेल्या बायकांच्या पाठीवरून फिरवत असेल. भाऊजींनी मला स्टँडवर सोडलं. रस्त्यात म्हणाले, "जेवून गेल्या असत्या." मी म्हटलं, पुढच्या वेळी.

घरी आल्यावर नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. मी सांगितलं, सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "आईचंही?" मी म्हटलं, "आईचंही." तो अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

ती सिंगरौलीकडे हजर झाली. हे मला नणंदेने सांगितलं, तिने नाही. नणंद तिच्यासोबत गेली, दोघींनी भाड्याची खोली घेतली. जावई इथल्या कंपनीत, महिन्यातून एकदा जायचा. बाळंतपणाला ती सौंसरला आली. मुलगी झाली, तीन किलोच्या जरा खाली. मी पाहायला गेले तेव्हा तिने लेकरू माझ्या हातात दिलं. काही वेगळं नाही, घरात आलेल्या कोणाच्याही हातात देतात तसं. पर्मनंट असल्याने तिला सहा महिन्यांची पगारी रजा होती. ती संपल्यावर ती लेकरू आणि आई दोघांना घेऊन पुन्हा गेली. तिच्या सासूने आधी तोंड फुगवलं, मग पापड बांधून दिले.

या उन्हाळ्यानंतर नणंदेच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू पिकला होता. तिला पंधरा-वीस दिवस इकडे राहावं लागणार होतं, आणि तिकडे लेकराजवळ कोणी नाही. हे नणंदेनेच सांगितलं. ती आता माझ्याशी बोलते, पण आईच्या फोटोजवळ मी उभी राहिले तर आत निघून जाते. मी रात्रभर विचार केला नाही. उगाच लिहिणार नाही. मी सकाळी चहा घेता घेता मुलीला फोन लावला.

"मामी, बोल."

"ताईचं ऑपरेशन आहे म्हणे. मी येते लेकरापाशी. रजा टाकते."

तिकडे मशीनचा आवाज येत होता. ती कामावर होती. कोणाला तरी ती म्हणाली, बैठिए, आता हूँ. मग मला म्हणाली, "नको मामी. तुझी शाळा आहे."

"शाळेचं काय, रजा मिळते."

"नको. सासूबाई येऊन राहिल्या. तिकीट झालं त्यांचं."

"बरं. काही लागलं तर सांग."

"हो, सांगते."

तिने टोमणा मारला नव्हता. फोन ठेवल्यावर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिलं, सरळ, मग जरा वाकडं करून, आणि कुठूनही त्यात टोमणा सापडला नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. तुझी शाळा आहे.

नवरा अंघोळीला गेला होता. मी दोघांचे डबे भरले. नव्या प्रवेशाचे दिवस होते, त्या दिवशी वाडीवरच्या सात मुलांची नावं टाकायची होती आणि त्यांच्या आया कागद घेऊन लवकरच येऊन बसणार होत्या. साडी नीट केली, पर्स घेतली, आणि गेले.